आधी मोजा, मग बंद करा: मीडियम वेव्हविषयी प्रसार भारतीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली

प्रत: केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय, महाराष्ट्र आणि गोव्यातील सर्व खासदार

सप्रेम नमस्कार,

मीडियम वेव्हचे (साध्या रेडिओवरच्या 'एमडब्ल्यू' पट्टीचे) जुने ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद करायचे आणि त्यांची जागा एफएम, मोबाइल ॲप आणि जमेल तिथे डिजिटल प्रक्षेपणाने भरायची, असे आपले धोरण आहे. आम्ही या माध्यमाचे ट्रान्समीटर, मनोरे आणि घराघरांतले संच जवळून ओळखणारी माणसे आहोत. मुंबई 558, पुणे 792, नागपूर 585, रत्नागिरी 1143, सांगली 1251, परभणी 1305, जळगाव 963, पणजी 1287 या किलोहर्ट्झच्या आकड्यांवर महाराष्ट्र-गोव्यातल्या कित्येक पिढ्यांनी बातम्या, हवामान आणि बाजारभाव ऐकले. यातला एखादा आकडा गप्प केल्यावर नेमक्या कोणत्या गावात, कोणत्या खोऱ्यात, किती अंतरावरच्या होडीत रेडिओ ऐकू येणे थांबेल, हा हिशेब लोकांसमोर आलेला नाही. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

आपलेच आकडे घेऊ. जानेवारी 2023 मध्ये 2,539.61 कोटी रुपयांची बाइंड योजना (प्रसारणाच्या पायाभूत सुविधा वाढवण्याची) मंजूर झाली. तिचे उद्दिष्ट आकाशवाणीच्या एफएमची व्याप्ती भूभागाच्या 59 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर आणि लोकसंख्येच्या 68 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर नेण्याचे होते. दुसरीकडे, आकाशवाणी देशाच्या सुमारे 92 टक्के भूभागावर आणि 99 टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचते असे आपण सांगत आलात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसते, की योजना पूर्ण यशस्वी झाली तरी एफएमबाहेर राहणारा पण आकाशवाणीच्या व्याप्तीतला सुमारे एक चतुर्थांश भूभाग आणि लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा मुख्यतः मीडियम वेव्हवरच उभा आहे. व्याप्तीत येणारा प्रत्येक जण श्रोता असतो असे नाही, हे आम्हाला कळते. पण 1990 च्या प्रसार भारती कायद्याच्या कलम 12 मध्ये आपल्यावर शेती, ग्रामीण विकास, आरोग्य आणि शिक्षणाकडे विशेष लक्ष देण्याची जबाबदारी टाकली आहे. ती श्रोत्यांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त होत नाही.

28 एप्रिल 2023 रोजी 100 वॅटचे 91 एफएम ट्रान्समीटर एकाच दिवशी सुरू झाले. चांगले झाले, स्वागतच आहे. पण 100 वॅटचा पल्ला साधारण 12 ते 15 किलोमीटर असतो. 12 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात साडेचारशे चौरस किलोमीटर बसतात. नागपूरसारखे 300 किलोवॅटचे केंद्र 585 किलोहर्ट्झवर दिवसा दीडशे किलोमीटरपर्यंत आरामात पोहोचते, म्हणजे सत्तर हजार चौरस किलोमीटर. तेवढी जागा 100 वॅटच्या एफएमने झाकायची तर दीडशेहून जास्त ट्रान्समीटर लागतील, आणि तेही जमीन सपाट टेबलासारखी असेल तर. 10 किलोवॅटचे एफएम उंच मनोऱ्यावर लावले तर सात-आठांत भागेल, पण तशा प्रत्येक ठिकाणी जागा, मनोरा, वीज आणि माणसे हवीत. ती कुठे, कधी, किती, हे आधी सांगा.

आणि जमीन सपाट नाही. एफएमची लहर तीन मीटरची; ती नजरेच्या रेषेत जाते आणि डोंगराआड सावली पडते. मीडियम वेव्हची लहर दोनशे ते साडेपाचशे मीटरची. ती जमिनीला धरून वाकत जाते, घाट उतरून खोऱ्यात शिरते. महाबळेश्वरच्या पायथ्याचे कोयना खोरे, आंबोलीखालची गावे, मेळघाट, भामरागड, अक्कलकुवा या भागांत हा फरक नकाशावर दाखवायची गरज पडत नाही. संच हातात धरला की कळतो. समुद्रावर तर तो आणखी मोठा आहे. खारे पाणी बेसाल्टच्या खडकापेक्षा हजारो पट चांगले वाहक असल्याने रत्नागिरी किंवा पणजीची मीडियम वेव्ह पाण्यावरून फार लांब जाते. 100 मीटर उंचीच्या एफएम मनोऱ्याची रेषा होडीतल्या संचापर्यंत पन्नास किलोमीटरच्या आत संपते, आणि मोबाइल तर किनारा सुटला की थोड्याच वेळात रेंजबाहेर जातो.

एफएमच्या व्याप्तीच्या नकाशांबद्दल एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. त्यांचा हिशेब आंतरराष्ट्रीय संकेतानुसार जमिनीपासून 10 मीटर उंचीवरच्या अँटेनासाठी केलेला असतो. आपल्याकडे 10 मीटरवर रेडिओ कोण ऐकतो? संच कोनाड्यात, चुलीजवळ, गोठ्याच्या खांबाला असतो, म्हणजे फार तर दीड मीटरवर, आणि तोही भिंतीआड. तिथे मिळणारी ताकद नकाशातल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. म्हणून "नकाशानुसार एफएम पोहोचते" हे वाक्य मीडियम वेव्ह बंद करायला पुरेसे कारण नाही.

ॲपचेही तसेच. 64 केबीपीएसचा प्रवाह तासाला 29 एमबीच्या आसपास डेटा खातो. रोज चार तास ऐकले तर महिन्याला साडेतीन जीबी. फोन, चार्जिंग आणि टॉवर हे तिन्ही चालू असतील तरच ते शक्य आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात आणि मोबाइलविना राहिली. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हाही संपर्क तुटलाच. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास टिकते. दोन सेलचा ट्रान्झिस्टर काही आठवडे टिकतो, आणि शंभर-दीडशे किलोमीटरवरचा ट्रान्समीटर बहुतेक वेळा वादळाच्या टापूबाहेरच असतो. आपत्तीच्या वेळी मोठ्या पल्ल्याचा खरा उपयोग हा आहे.

आता "मीडियम वेव्ह कोणी ऐकत नाही, खरखर फार येते" या म्हणण्याकडे वळतो. खरखर येते, हे खरे आहे. पण तिचा बराचसा भाग दुरुस्त होण्याजोगा आहे, आणि दुरुस्ती न करता तीच खरखर बंद करण्याचे कारण म्हणून पुढे केली जाते. म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

मीडियम वेव्हचा मनोरा स्वतःच अँटेना असतो. तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्या पायाशी चहूबाजूंना तांब्याच्या तारा जमिनीत पसरलेल्या असतात. नेहमीच्या पद्धतीत 120 तारा, प्रत्येक पाव लहरीएवढी लांब. 558 किलोहर्ट्झला पाव लहर 134 मीटर, म्हणजे जमिनीखाली 16 किलोमीटर तांबे. 792 ला 95 मीटर, म्हणजे साडेअकरा किलोमीटर. तारा वीतभरच खोल असतात. तांब्याला भाव आहे, त्यामुळे चोरी होते. नांगराने, जेसीबीने, केबलच्या चरांनी त्या तुटतात. मनोऱ्याच्या पायाशी जिथे सगळ्या तारा एका पट्टीला डाग देऊन जोडलेल्या असतात तिथे सांधे हिरवे पडून सुटतात. हे वरून काहीच दिसत नाही. ट्रान्समीटरच्या मीटरवर ताकद पूर्ण दिसत राहते.

नुकसान किती होते ते पाहा. पाव लहर उंचीच्या मनोऱ्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) पायाशी साधारण 36 ओहम. तारा शाबूत असतील तर जमिनीतला तोटा 2 ओहमच्या आसपास राहतो आणि 95 टक्के ताकद हवेत जाते. तारा गेल्या आणि तोटा 12 ओहमवर चढला की 75 टक्केच जाते. मनोरा आखूड असेल तर हाल जास्त: पायाशी 12 ओहमच रोध असलेल्या मनोऱ्याला तेवढाच तोटा लागला की निम्मी ताकद माती तापवण्यात जाते. 20 किलोवॅटचे वीजबिल भरायचे आणि हवेत 10 सोडायचे, असा हा व्यवहार. उपाय मोठा नाही. दर सहा महिन्यांनी मनोऱ्याच्या पायाशी ब्रिज (मोजणीचे उपकरण) लावून रोध मोजायचा आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहायचा. तो कारण नसताना वाढला असेल तर तारांचा माग काढून तुटलेल्या जोडायच्या, सांधे नव्याने ब्रेझ करायचे. त्याच फेरीत ट्यूनिंग हटमधले (मनोऱ्याजवळच्या जुळणीच्या खोलीतले) कॉइलचे सांधे, विजेच्या संरक्षणाचा बॉल गॅप आणि मनोऱ्यावरच्या दिव्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पाहून घ्यायचा.

दुसरे कारण आवाजाच्या पातळीचे. स्टुडिओतून येणारा आवाज शिखरांवर 90 टक्के मॉड्युलेशन (आवाजाने लहरीत केलेला चढउतार) गाठतो, पण सरासरी पंचवीस-तीस टक्क्यांवरच रेंगाळतो. घरी आवाज बारीक येतो, माणूस व्हॉल्यूम वाढवतो, आणि आवाजाबरोबर खरखरही वाढते. नीट बसवलेला ऑडिओ प्रोसेसर सरासरी वर आणतो आणि श्रोत्याला तो फरक ट्रान्समीटरची ताकद दुप्पट केल्यासारखा जाणवतो. ट्रान्समीटरच्या किमतीपुढे प्रोसेसरची किंमत किरकोळ आहे. बोलण्याच्या कार्यक्रमांना आणि शास्त्रीय गायनाला वेगळे सेटिंग ठेवावे, नाहीतर तानपुरा फुगतो. एवढी काळजी घेतली की झाले.

तिसरे कारण घरातले आहे. फिल्टर वाचवून बनवलेले एलईडी दिवे, स्वस्त चार्जर आणि इन्व्हर्टर मीडियम वेव्हच्या पट्ट्यात गुरगुर ओततात. बल्ब बंद केला की रेडिओ मोकळा होतो, हे कोणीही करून पाहावे. याचा दोष आपला नाही, पण भारतीय मानक ब्युरोकडे हा विषय लावून धरणारा दुसरा कोण आहे?

विजेच्या खर्चाची अडचण आम्ही हलकी मानत नाही. 100 किलोवॅटचा जुना व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) ट्रान्समीटर साठ टक्के कार्यक्षमतेचा धरला आणि दिवसाच्या तीन सभा (प्रक्षेपणाची सत्रे) मिळून 17 तास धरले, तर रोजचे सुमारे 3,000 युनिट होतात, थंडाव्याचा खर्च वेगळा. नवा सॉलिड स्टेट (नळ्यांऐवजी अर्धवाहकांवर चालणारा) 85 टक्क्यांचा धरला तर 2,100. व्हॉल्व्ह मिळत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत, जुनी यंत्रे जगवणे कठीण आहे, हेही मान्य. पण बंद आणि चालू यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. ताकद निम्मी केली, 100 चे 50 किलोवॅट केले, तर लहरीची तीव्रता 71 टक्के राहते. ज्याला आज स्वच्छ ऐकू येते त्याच्या संचातले आपोआप पातळी राखणारे सर्किट हा फरक कळूही देत नाही. त्रास होतो तो कडेच्या गावांना. युनिट मात्र रोजचे हजार-अकराशेवर येतात. शिवाय नव्या ट्रान्समीटरमध्ये आवाजाच्या चढउताराप्रमाणे वाहक लहर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) कमी-जास्त करण्याची सोय असते. ती चालू केल्यास आणखी चतुर्थांशाच्या आसपास वीज वाचते. सॉलिड स्टेटमध्ये एखादे मॉड्यूल जळले तर ते उपसून दुसरे बसवेपर्यंत ट्रान्समीटर थोड्या कमी ताकदीवर चालतच राहतो. एखादे केंद्र बंद करण्याआधी या तीन गोष्टी तिथे करून पाहिल्या का, एवढेच आम्ही विचारतो.

डिजिटलबद्दल. आपण मीडियम वेव्हवर डीआरएमचे (डिजिटल रेडिओ मोंडियाल या डिजिटल पद्धतीचे) 35 ट्रान्समीटर उभारले. डीआरएमला आमचा विरोध नाही. तेवढ्याच क्षेत्रासाठी वीज कमी लागते, आवाज एफएमच्या तोडीचा येतो, एका लहरीवर दोन-तीन कार्यक्रम बसतात आणि आपत्तीच्या वेळी संच आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर जाऊ शकतो. अडचण संचांची आहे. गाड्यांमध्ये डीआरएम आले, पण शेतमजुराच्या खिशाला परवडणारा, सेलवर चालणारा संच गावच्या बाजारात दिसत नाही. साध्या ट्रान्झिस्टरवर शुद्ध डीआरएम लावले तर फक्त फुसफुस ऐकू येते. दोन्ही एकदम चालवले तर डिजिटलचा पट्टा ॲनालॉगला चिकटून बसतो आणि स्वस्त संचांचा फिल्टर रुंद असल्याने ती फुसफुस कार्यक्रमाच्या मागे घुसते. श्रोत्याला वाटते की केंद्रच बिघडले. आणखी एक: ॲनालॉग लांब जाता जाता हळूहळू खराब होते, बातमी तरीही समजते, डिजिटल उंबरठ्याखाली गेले की एकदम मुके होते. म्हणून कडेच्या गावांचे मोजमाप डिजिटलच्या बाबतीत जास्त महत्त्वाचे.

गाड्यांबाबत एक इशारा इथेच देतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटरचा गोंगाट मीडियम वेव्हमध्ये येतो म्हणून काही कंपन्यांनी परदेशात ती पट्टीच काढून टाकायला सुरुवात केली. अमेरिकेत त्यावर 2023 मध्ये संसदेत विधेयक आले. भारतात ही पट्टी गेली तर ॲनालॉगबरोबर डीआरएमही जाईल, कारण दोन्ही त्याच लहरींवर आहेत. सरकारने गुंतवलेले पैसे वाचवायचे असतील तर परिवहन मंत्रालयाशी आजच बोलायला हवे.

राहिला प्रश्न जागेचा. 558 च्या तारांचे वर्तुळच सुमारे 14 एकर भरते, 792 चे सात एकर. शहर वाढत त्या कुंपणापर्यंत आले आहे. एकदा त्या तारांवर बांधकाम झाले की तेवढी मोकळी, ओलसर, सलग जमीन शहराजवळ पुन्हा मिळणार नाही. ट्रान्समीटर बंद करण्याचा निर्णय मागे घेता येतो. जमीन गेली की तो मार्ग संपतो.

आमच्या मागण्या अशा:

1. महाराष्ट्र आणि गोव्यातले कोणतेही मीडियम वेव्ह केंद्र बंद करण्यापूर्वी त्याच्या क्षेत्रात प्रत्यक्ष मोजणी करून अहवाल मराठीत (गोव्यासाठी कोंकणी आणि मराठीत) प्रसिद्ध करावा. मोजणी दुपारी 12 ते 3 या वेळात व्हावी, कारण तेव्हा रात्रीसारख्या आकाशातून परतणाऱ्या लहरी मिसळत नाहीत आणि जमिनीवरून येणारी खरी ताकद कळते. लूप अँटेनाच्या मीटरने आकडा घ्यावा: शांत खेड्यात दर मीटर लांबीमागे एक मिलिव्होल्टभर ताकद चालते, शहरात दहाच्या पुढे हवी. त्याच जागी सेलवरच्या साध्या ट्रान्झिस्टरने, संच आडवा फिरवून आवाज सर्वांत मोठा येतो त्या दिशेला ठेवून, एकदा अंगणात तारांपासून दूर आणि एकदा घरात दिवे लावून ऐकावे. मग तिथेच, दीड मीटर उंचीवर, पर्यायी एफएम ऐकावे. मोजणीच्या जागांत गावठाण, शेत, घाटाच्या दोन्ही बाजू आणि मासेमारी बंदर असावे.

2. पर्यायी एफएम सुरू झाल्यावर किमान एक वर्ष, म्हणजे एक पूर्ण पावसाळा धरून, दोन्ही प्रक्षेपणे बरोबर चालावीत. या काळात मीडियम वेव्हवरून रोज तिन्ही सभांत एफएमवरची नवी जागा सांगितली जावी.

3. बंद करण्याऐवजी ताकद कमी करणे, वाहक लहर नियंत्रण आणि जुन्याच्या जागी लहान सॉलिड स्टेट ट्रान्समीटर, या तिन्हींचा खर्च केंद्रवार जाहीर करावा.

4. रत्नागिरी, पणजी आणि नागपूर ही केंद्रे आपत्ती निवारणाची केंद्रे म्हणून कायम ठेवावीत. तिथे किमान 72 तास पुरेल एवढा डिझेलसाठा असावा आणि हवामान विभागाचा इशारा मध्येच कार्यक्रम थांबवून देण्याची मुभा ड्यूटीवरच्या माणसाला असावी.

5. प्रत्येक केंद्राची लहर, चालू ताकद, सभांच्या वेळा आणि बंद करण्याची ठरलेली तारीख यांचा तक्ता एका जागी असावा आणि दर आठवड्याला ताजा व्हावा.

6. तारांच्या वर्तुळातली जमीन दुसऱ्या कामाला देण्यापूर्वी जाहीर सुनावणी घ्यावी.

7. परवडणाऱ्या डीआरएम संचाची किंमत आणि उपलब्धता यांचे उद्दिष्ट तारखेसह जाहीर करावे, आणि ते गाठेपर्यंत कोणत्याही केंद्राचे ॲनालॉग प्रक्षेपण केवळ डिजिटलसाठी थांबवू नये.

जून 2023 मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा निर्णय झाला, लोकांनी आवाज उठवला आणि तो निर्णय स्थगित झाला. तेव्हा ऐकून घेतले गेले, म्हणूनच हे पत्र लिहिण्याचा उत्साह आहे. मोजणीसाठी गावोगावचे शिक्षक, मच्छीमार संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि हौशी रेडिओचे (हॅम) परवानाधारक यांची मदत घेता येईल. त्यात काम करायला आम्ही विनामोबदला तयार आहोत. कोणत्या केंद्रापासून सुरुवात करायची तेवढे कळवावे.

आपले,
मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकणारे आणि तिची यंत्रणा जाणणारे नागरिक